सात नंबर खोलीचा पत्ता

शीतगृहाच्या व्यवस्थापकाने बबनराव शेंडे या माणसाला फसवलं. आधी तोंडी सांगून त्याला तापमानाची वही बंद करायला लावली, आणि नंतर वही का ठेवली नाही म्हणून लेखी पत्र देऊन कामावरून काढलं. पुण्याच्या ज्या कंपनीने तिथे नवा सर्व्हर बसवला, तिने अर्धं काम करून पुऱ्या कामाची सही घेतली. या दोघांच्या मध्ये मी होतो. मी काय केलं तेही पुढे लिहिणार आहे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी हात जोडून विनंती केली आहे की संस्थेचं आणि साहेबांचं नाव नको. ठीक आहे. बारामती आणि इंदापूरच्या मधलं एक शीतगृह, एवढ्यावर भागवतो. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्याच ओळीत कळलं असेल.

मी ऑफिसांना, दवाखान्यांना, डेअऱ्यांना कॉम्प्युटरचं जाळं घालून देतो. वडील आठवडे बाजारात बांगड्या विकायचे. मी इंदापूरच्या स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीला बसलो, मग केबलच्या वायरी ओढल्या, मग कॉम्प्युटरच्या. शिकवायला कोणी नव्हतं. एक जळालेलं यंत्र उघडायचं, दुसरं चालू यंत्र शेजारी ठेवायचं आणि फरक शोधायचा, हीच शाळा. त्यामुळे कोणी 'सर्टिफिकेट आहे का' असं विचारलं की माझं डोकं फिरतं. फिरू नये, पण फिरतं.

आता हा पत्त्याचा मामला काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं भांडण समजेल.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. चार आकडे, मध्ये टिंबं. एका ऑफिसात पहिले तीन आकडे बहुधा सगळ्यांचे सारखेच; ते म्हणजे जिल्हा, तालुका, गाव. शेवटचा आकडा म्हणजे घर. आम्ही बोलताना तेवढाच बोलतो. 'दहाला लाव', 'पंचवीस बंद आहे'. सर्व्हर म्हणजे ज्याच्याकडे बाकी सगळे आपली माहिती आणून टाकतात ती मोठी पेटी. मी सर्व्हरला नेहमी दहा नंबर देतो.

मोबाइल, लॅपटॉप ही हुशार जात. ती नावाने विचारत विचारत पोचते. पण रक्त तपासायचं यंत्र, दुधाचा काटा, शीतगृहातला तापमान मोजणारा डबा, ही साधीभोळी मंडळी. त्यांच्या पोटात एकदा लिहून ठेवावं लागतं की बाबा, तुझा आकडा दहाला पाठव. मग ते जन्मभर दहाला पाठवतात. दहावर कोण बसलंय, याची त्यांना चौकशी नसते.

म्हणून सर्व्हर जुना झाला आणि नवा आणला, तर शहाण्या माणसाने नव्याला जुनाच नंबर द्यावा. शाळेत नवे मास्तर आले तर पोरं नव्या शाळेत जातात का? वर्ग तोच, खुर्ची तीच, मास्तर वेगळे. नवा नंबर द्यायचाच असेल तर मग गावभर फिरून प्रत्येक यंत्राच्या पोटातला आकडा आपल्या हाताने बदलावा लागतो. एक जरी राहिलं तरी ते आपली माहिती जुन्या पत्त्यावर टाकत बसतं, आणि कुणाला पत्ता लागत नाही.

बारामतीत एक पॅथॉलॉजीवाले डॉक्टर आहेत. माणूस देव, पण अंकशास्त्राचा नाद. त्यांचा सर्व्हर बदलायला गेलो.

"इक्बालभाई, नव्या सर्व्हरच्या नंबराची बेरीज नऊ आली पाहिजे."

"का?"

"गाडीचा नऊ, मोबाइलचा नऊ, बंगल्याचाही नऊ."

"डॉक्टर, तुमी रक्त तपासता का कुंडली?"

"तू नंबर दे रे."

"आत्ता दहा हाय. अकरा मशीनं दहाला वळखतात. दहाच राहू द्या."

"मग अकरा मशीनं बदल."

"बदलतो. दर मशीनमागं मजुरी वेगळी."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "दहाची बेरीज किती होते?"

"एक."

"एक पण चांगला असतो," ते म्हणाले. "सूर्याचा."

दुसरी गोष्ट इंदापूरच्या एका दवाखान्यातली. रविवारी जाऊन मी सर्व्हर बदलला, नव्याला दहा दिला, जुना स्टोअररूममध्ये ठेवला. सोमवार, मंगळवार ठीक. बुधवारी अकराच्या सुमाराला औषधाच्या काउंटरवरच्या बाईंचा फोन. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला. "भाई, कालचे पेशंट गायब, आजचे अर्धे दिसतात, अर्धे नाही! काय करून ठेवलंय?" मी मोटरसायकल काढली. पोचेपर्यंत सगळं सुरळीत. गुरुवारी पुन्हा तेच, पुन्हा अकराला.

शुक्रवारी मी साडेदहापासून स्टोअररूमच्या दारात उकिडवा बसलो. अकराला स्टोअर सांभाळणारे तात्या आले, खिशातून किल्ली काढली, आत गेले आणि जुन्या सर्व्हरला लाइट लावली. जाळ्याची वायरसुद्धा नीट खोचली. आता दोघंही ओरडत होते, दहा मीच, दहा मीच, आणि काउंटरवरची बिचारी यंत्रं कधी याचं ऐकत होती, कधी त्याचं.

"तात्या, ह्ये काय चाललंय?"

"बुधवारपासनं अर्धा तास चालू करतो रोज. पुन्यांदा बंद करतो."

"कशाला पन?"

"उभी मशीन बिघडती. घरचा ट्रॅक्टर उभा ऱ्हायला तर आठ दिसातनं एकदा स्टार्ट मारतोच की आमी. ह्यी तर नाजूक हाय, म्हनून रोज."

ट्रॅक्टरच्या बाबतीत तात्या बरोबरच होते. तेव्हापासून जुन्या पेटीची वायर मी माझ्या पिशवीत घालून घरी नेतो. कोणी हसलं तरी हसू द्या.

आता शीतगृह.

तिथलं जाळं माझ्या हातचं. सहा खोल्या, प्रत्येक खोलीच्या भिंतीवर तापमान मोजणारा डबा, दर दहा मिनिटांनी आकडा दहा नंबरच्या सर्व्हरला पाठवणार. खोली तापली की सर्व्हर भोंगा वाजवणार. सगळ्या डब्यांचे नंबर एका कागदावर लिहून तो कागद मी ऑफिसच्या भिंतीला चिकटवला होता. नंतर सात आणि आठ या दोन खोल्या वाढल्या. त्यांचे डबेही मीच बसवले. पण त्यांचे नंबर मी भिंतीवरच्या कागदावर चढवले नाहीत. ते माझ्या डायरीत ठेवले.

विसरलो नव्हतो. मुद्दाम केलं. वर्षाच्या देखभालीचा करार पुन्हा व्हायचा होता, व्यवस्थापक दुसरीकडे बघतोय हे मला कळलं होतं, आणि सौद्याला बसताना आपल्या हातात काहीतरी असावं लागतं. बाजारात वडील सांगायचे, सगळा माल एकदम मांडू नये. बांगड्यांच्या बाबतीत ते खरं असेल.

करार झाला नाही. पुण्याची कंपनी आली. त्यांचा इंजिनिअर सौरभ, तिशीचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, बोलायला गोड. व्यवस्थापकाने मला 'जरा माहिती द्या' म्हणून बोलावलं.

"सर, सगळ्या डिव्हाइसची लिस्ट मिळेल का?"

"मिळेल की. एक दिवसाची फी द्या, सोबत फिरून दाखवतो."

"तशी तरतूद नाहीये सर. आम्ही नेटवर्क स्कॅन करू, सगळं आपोआप दिसतं."

"जे चालू असेल ते दिसेल. बंद असेल ते कसं दिसणार?"

तो हसला. मी म्हणालो, "नव्याला नंबर दहाच द्या."

"सर, ती जुनी पद्धत झाली. आमचा नवीन प्लॅन आहे. नवा पन्नासवर बसेल, जुना महिनाभर चालू राहील. बॅकअप."

चहा आला. मी कप घेऊन खिडकीशी उभा होतो. सौरभने खिशातून मोबाइल काढला आणि भिंतीवरच्या माझ्या कागदाचा फोटो घेतला. त्याला वाटलं, मी पाहिलं नाही. मी पाहिलं. त्या कागदावर सहाच खोल्या आहेत हेही मला माहीत होतं. द्राक्षांचा हंगाम नुकताच सुरू होत होता, सात आणि आठ या खोल्या त्या दिवशी रिकाम्या होत्या आणि वीज वाचवायला त्यांचा मेन स्विच पाडलेला होता, हेही येताना माझ्या नजरेला पडलं होतं. म्हणजे त्याच्या स्कॅनमध्येही त्या येणार नव्हत्या.

मी चहा संपवला आणि निघालो. मनात म्हटलं, येईल फोन आठ दिवसांत, मग बघू कोण कोणाला फी देतं.

फोन आला, पण मला वाटला तसा नाही.

बबनराव शेंडे हे तिथले मुख्य ऑपरेटर, अंथुर्ण्याचे. शीतगृह उभं राहिलं तेव्हापासून तिथे. दर तासाला प्रत्येक खोलीच्या दारावरच्या काट्याच्या थर्मामीटरवरचा आकडा बघायचा, महिन्यातून एकदा तो थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात घालून तपासायचा, आणि आकडा लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा. अक्षर छापल्यासारखं. मी त्यांना चिडवायचो, "बबनराव, सर्व्हर लिहितोय की, तुमी कशाला हात मोडताय?" ते म्हणायचे, "त्याला लिहू द्या, मला बी लिहू द्या. दोघांचं जुळलं की झोप लागती."

नवा सर्व्हर आला तसे दारांवरचे थर्मामीटर रंगकामाच्या निमित्ताने उतरवले गेले ते परत लागले नाहीत. आणि व्यवस्थापकाने बबनरावांना सांगितलं, आता सगळं पुण्याचं मशीन लिहितंय, तुम्ही वही बंद करा आणि आकडा बघायला उगाच दारं उघडून थंडी घालवू नका. हे मला बबनरावांनी सांगितलं, आणि दुसऱ्या ऑपरेटरनेही सांगितलं. दुसरा तिथे अजून नोकरीला आहे, म्हणून त्याचं नाव मी घेत नाही.

मग सात नंबर खोलीत माल आला. परदेशी जायची द्राक्षं, पेट्यांत भरलेली. मेन स्विच चालू झाला, डबा जागा झाला आणि इमानदारीने आपला आकडा दहा नंबरला पाठवू लागला. दहावर जुना सर्व्हर होताच. नवा बसला होता पन्नासवर. आणि पन्नासच्या पडद्यावर सात नंबर खोलीसमोर जुन्या नोंदींतून उतरवून घेतलेला शेवटचा आकडा होता, एक अंश. तो कधीचा आहे हे पडद्यावर लिहिलेलं नव्हतं. बबनराव दर तासाला पडद्यासमोर जाऊन बघायचे, एक अंश. उत्तम.

शनिवारी सात नंबरच्या पंख्यांचा ब्रेकर पडला. सोमवारी सकाळी कंटेनर लागला, दार उघडलं आणि आतून दमट, आंबूस वारा बाहेर आला. पेट्यांच्या आतल्या कागदाला पाणी सुटलेलं. द्राक्षांबरोबर गंधकाची चादर ठेवतात, बुरशी येऊ नये म्हणून. पाणी लागलं की तिच्यातला वायू एकदम सुटतो आणि मणी पांढरे पडतात. तसेच पडले होते. सगळी खोली. त्यात वरकुट्याच्या एका बागायतदाराच्या पेट्या होत्या, आणि तो बबनरावांचा व्याही.

बबनरावांचा फोन आला आणि मी पोचलो, तेव्हा व्यवस्थापक अंगणात उभा राहून ओरडत होता.

"तुमच्या वायरिंगनं वाट लावली आमची!"

"वायरीला बोट लावायचं न्हाय. नंबर कुणी बदलला?"

"कंपनीनं रीतसर काम केलंय."

"मग सात नंबरचा आकडा कुठं जातोय ते दाखवा मला!"

आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होतो. बबनराव मध्ये आले. त्यांच्या हातात एक पांढरा पडलेला घड होता, तो त्यांनी खाली ठेवलाच नव्हता.

मी हिशेबनिसांच्या खोलीत गेलो. टेबलाखाली, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यामागे जुना सर्व्हर होता, हिरवा दिवा लुकलुकत. पडदा काढून नेलेला. दुसऱ्या टेबलावरचा पडदा ओढून लावला. आणि समोर सगळं आलं. सात नंबर खोली, दर दहा मिनिटांनी. शनिवारी दुपारपर्यंत एक, मग दोन, चार, सात, अकरा. प्रत्येक आकड्याशेजारी लाल अक्षरात सूचना की भोंगा वाजवला. भोंग्याची वायर मात्र कंपनीने काढून नव्याला जोडली होती.

बबनराव माझ्या खांद्यामागून वाचत होते.

"भाई, म्हंजी ह्याला ठावं व्हतं?"

"व्हय."

"दोन दीस वरडत व्हता?"

"व्हय, बबनराव."

"आन मी पलीकडच्या खोलीत बसून एक अंश, एक अंश करत व्हतो." ते तिथेच खुर्चीवर बसले.

मी मोबाइलवर त्या पडद्याचे फोटो घेतले. बरं झालं घेतले. दोन दिवसांनी कंपनीची गाडी आली आणि तपासणीसाठी म्हणून जुनी पेटी पुण्याला घेऊन गेली. ते अजून ती तपासतच आहेत.

पुढच्या आठवड्यात संचालकांची बैठक झाली. अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात, वयाने मोठे, ऐकून घेणारे. मी फोटो दाखवले, नंबरांची भानगड समजावली. आबांना समजली. ते म्हणाले, "म्हंजी बबनचा दोष न्हाय ह्यात?" मी म्हणालो, "काडीचा न्हाय."

मग व्यवस्थापकाने सौरभला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. सौरभ म्हणाला, "आम्हाला सहाच खोल्यांची लिस्ट मिळाली. पूर्ण लिस्ट मागितली होती, दिली नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "इक्बाल, आठ खोल्यांची यादी तुझ्याकडं व्हती?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. होती, दिली नाही, त्याने फोटो घेतला तो मी पाहिला आणि गप्प बसलो, एवढं बोललो असतो तर माझं नाक कापलं गेलं असतं, पण बबनरावांचं काम झालं असतं. मी म्हणालो, "मला रीतसर कुणी मागितली न्हाय."

"मागितली होती," फोनमधून सौरभ म्हणाला. "त्यांनी फी सांगितली."

खोलीत कोणीतरी हसलं. व्यवस्थापक पुढे झुकला. "आबा, ह्यांचं काँट्रॅक्ट गेलंय. म्हणून हे सगळं चाललंय." झालं. त्या क्षणानंतर माझे फोटो म्हणजे काँट्रॅक्ट गेलेल्या माणसाचे फोटो झाले. बबनराव दाराशी उभे होते. त्यांना विचारलं, वही कुठे आहे? ते म्हणाले, साहेबांनी बंद करायला सांगितली. साहेब म्हणाले, मी असं कशाला सांगेन? साहेबांकडून लेखी काहीच नव्हतं. बबनरावांनी ते लेखी मागितलंही नव्हतं. वरच्या माणसाकडून लेखी मागायची आपल्याकडे रीत नाही. मागितलं तर विश्वास नाही असा अर्थ होतो.

चार दिवसांत पत्र आलं. 'तापमानाची नोंदवही न ठेवून कर्तव्यात गंभीर हलगर्जीपणा केल्याने...' पत्र घरी आलं तेव्हा बबनराव शेतावर होते, शेजाऱ्याने ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. त्यामुळे गावाला त्यांच्या आधी कळलं. आता ते एका कुक्कुटपालनावर जातात. व्याही त्यांच्याशी बोलत नाही. लेक माहेरी येते ती दिराच्या गाडीवरून, अंगणात उतरते, आणि दीर आत येत नाही.

मी बबनरावांच्या घरी गेलो आणि यादीचं सगळं त्यांना सांगितलं. मला वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाले, "तुमी आत्ता मला सांगताय, भाई. बैठकीत सांगायचं व्हतं." एवढंच. शिव्या परवडल्या असत्या.

यानंतर मी एक केलं. ज्या ज्या ठिकाणी माझं जाळं आहे तिथे जाऊन प्रत्येक यंत्राचा नंबर भिंतीवर लिहिला. डायरीत आता काही उरलेलं नाही. करार गेला तरी चालेल, यादी तिथेच राहील. दोन ठिकाणी करार गेलाही. अंगाची आग झाली, पण कागद फाडला नाही.

तर माझा भाग हा असा. यादी माझ्याकडे होती. मी दिली नाही. विचारल्यावर अर्धं खरं बोललो. हे मी छापून देतो आहे, आबांनी वाचावं, वरकुट्याच्या बागायतदारांनी वाचावं, आणि नुकसानीचा माझा वाटा काय असेल तो मला तोंडावर येऊन सांगावा. मी घरीच असतो.

पण वही मी बंद केलेली नाही. दारांवरचे थर्मामीटर मी उतरवलेले नाहीत. चालू यंत्रं खोल्यांशी ताडून न बघता 'काम पूर्ण' या कागदावर मी सही केलेली नाही. ती सही व्यवस्थापकांची आहे. आठ खोल्या असताना सहाच डब्यांच्या पोटातला पत्ता बदलला गेला, आणि सही करणाऱ्या माणसाला आठपर्यंत मोजता आलं नाही.

साहेब, हा अंक तुमच्या ऑफिसात दरवर्षी येतो, तेव्हा तुम्ही हे वाचणार. माझा एकच प्रश्न आहे. वही बंद करा, असं बबनराव शेंडेंना तुम्ही सांगितलं होतं की नव्हतं? होय किंवा नाही. एका ओळीत, संस्थेच्या कागदावर, खाली सही आणि शिक्का. तो कागद मला नको आणि संपादकांनाही नको. अंथुर्ण्याला पाठवा, बबनरावांच्या घरी. आणि पोस्टाने पाठवू नका. स्वतः घेऊन जा, आणि ओट्यावर उभे राहून मोठ्याने वाचा.